पत्रिका किती वाटल्या आणि दारं किती आहेत

पत्राचा सारांश : चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्याच विनंतीवरून गाळलं आहे. एकुलत्या एका मुलीचं लग्न आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात ठरलंय, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. ताईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. तालुक्याच्या गावी समाजाचं मंगल कार्यालय घेतलंय, कारण भाडं झेपणारं आहे. पावतीवर ‘सभागृह ३५० व्यक्ती, भोजनगृह १५० व्यक्ती’ असं छापलंय. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘क्षमतेपेक्षा जास्त लोक आल्यास जबाबदारी आयोजकाची राहील’ अशी ओळ आहे. पत्रिका ५०० छापल्या, त्यातल्या दीडशे वाटून झाल्या. वऱ्हाड दीडशेचं येईल असं व्याही सांगतात. दीर म्हणतात, “दादा हयातभर सगळ्यांच्या दारी गेला. आता त्याच्या माघारी त्याची माणसं तोडायची का?” कार्यालयाचे व्यवस्थापक म्हणतात, “ताई, इथं हजार-हजार लोकांची लग्नं होतात. कोणी मोजायला येत नाही. लोक येतात, जेवतात, जातात.” मुलगी नाशिकला नोकरी करते. तिने सुट्टीत येऊन हॉल पावलांनी मोजला आणि म्हणाली, “आई, ३५० म्हणजे ३५०. माणसं कमी कर, नाहीतर जागा बदल.” मोठं लॉन्स घ्यायचं तर कर्ज काढावं लागेल. ताई लिहितात, “शहरात राहून पोरीला गावची माणसं नकोशी झाली की काय, असं मनात येतं. तुम्हीच सांगा, नियम मोठा की माणसं? आणि नियम पाळायचा तर कोणाला वगळू?”

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हॉलबद्दल तुम्ही अर्ध्या पानात लिहिलंय आणि यजमानांबद्दल अडीच पानं. ते सोसायटीचे गटसचिव होते, एक लग्न चुकवायचे नाहीत, लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक आहेर लिहून ठेवायचे. ती वही आता तुमच्याकडे आहे आणि पत्रिकांची यादी तुम्ही तीच समोर ठेवून केलीत. वाचताना मला वाटलं की तुम्ही त्यांच्या वतीने एक हिशेब चुकता करायला बसला आहात. त्यात एक नाव राहिलं तरी त्यांना काय वाटेल, हा घोर तुम्हाला लागलाय. ही भावना खोटी नाही, तिला बाजूला सारा असं मी सांगणार नाही. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या आधी उलगडून पाहू.

‘नियम मोठा की माणसं’ असं तुम्ही विचारता तेव्हा नियम एका पारड्यात बसतो आणि माणसं दुसऱ्यात. पण ३५० हा आकडा ज्यांच्यासाठी लिहिलाय ती माणसं म्हणजे तुमच्याच यादीतली. गुडघे धरून चालणाऱ्या तुमच्या आत्याबाई, कडेवर लेकरू घेतलेली भाचेसून, आणि हॉलमध्ये सगळ्यात पुढे, दारापासून सगळ्यात लांब बसलेली तुमची लेक.

हा आकडा येतो कुठून, ते सांगते. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की क्षमता म्हणजे किती ताटं वाढता येतील, किंवा फार तर किती खुर्च्या मिळतील. म्हणून आपण खुर्च्या जास्त आणतो, आचाऱ्याला बट्ट्यांचं पीठ वाढवायला सांगतो आणि प्रश्न सुटला असं धरून चालतो. क्षमता मोजतात ती जागेची आणि बाहेर पडायच्या वाटांची. ढोबळ हिशेब असा की मोकळ्या खुर्च्या मांडून बसायचं तर माणशी साधारण सात चौरस फूट लागतात आणि जेवणाची टेबलं मांडायची तर पंधरा चौरस फूट. तुमच्या मुलीने पावलांनी मोजून हॉल ७० बाय ४५ सांगितला, म्हणजे ३,१५० चौरस फूट. त्यातून स्टेजचे ४५० काढा. स्टेजपुढे अंतरपाट धरायची जागा, कूलर, साऊंडवाल्याचे खोके, व्हिडिओवाल्याची तिकाटणी यांचे २५० काढा. उरले २,४५०. त्याला सातने भागा. बरोबर ३५०. पावतीवरचा आकडा कोणी उगाच छापलेला नाही, आणि तुमच्या लेकीने सहज पावलं टाकत तो तपासून घेतला. मला तिचं कौतुक वाटलं.

आता दारं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत लोक जमण्याच्या इमारतींसाठी म्हटलंय की बाहेर पडायच्या वाटा किमान दोन असाव्यात आणि दार किमान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद असावं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. कारण घाबरलेली गर्दी दारावर रेटा देते, आणि आत उघडणारं दार त्या रेट्याखाली उघडतच नाही. तुम्ही लिहिलंय की कार्यालयाला पुढे मोठं चॅनल गेट आहे आणि पश्चिमेला एक दार आहे. हॉल पाहायला गेलात तेव्हा पश्चिमेचं दार बंद होतं, त्याला लागून गाद्यांचा ढीग होता. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या एका वाक्याची. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय.

काळजी वाटायचं कारण आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी धुळे जिल्ह्यात एका लग्नाला गेले होते. मे महिना, भर दुपार. मंगलाष्टकांचं चौथं कडवं चालू होतं, सगळे उभे, मुठीत अक्षता. डाव्या भिंतीकडच्या कूलरची वायर जळाली. आग म्हणावी असं काही नव्हतं, भप्पकन उजेड झाला, जळक्या रबराचा वास आला आणि हॉलमधली लाइट गेली. कोणीतरी ओरडलं, “करंट उतरला!” तेवढ्यावर पाचशे-सहाशे माणसं एकाच गेटकडे वळली. गेट अर्धंच सरकवलेलं होतं, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून त्याला साखळी लावलेली. दुसऱ्या दारापुढे आहेराच्या भांड्यांचं टेबल आणि त्यामागे गाद्या. मी खांबाला धरून उभी राहिले म्हणून वाचले. शेजारच्या आजींचा हात माझ्या हातातून सुटला तो मला आजही जाणवतो. त्यांचं मनगट मोडलं, दोन लेकरं तुडवली गेली, नशिबाने जगली. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत आटोपलं. नंतर पंगती बसल्या, लोक जेवले आणि घरी गेले. त्या लग्नाचा विषय निघाला की माणसं अजून जेवणाची चवच सांगतात.

ज्यांना नशिबाने हात दिला नाही अशीही लग्नघरं आहेत. २३ जानेवारी २००४ ला तामिळनाडूत श्रीरंगमला एका लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओच्या विजेच्या जोडणीतून झावळ्यांच्या छताने पेट घेतला. पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यात खुद्द नवरदेव होता. त्याआधी २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवाली गावात शाळेचा बक्षीस समारंभ लग्नाच्या जागेत, कापडी मांडवाखाली चालला होता. मांडवाने पेट घेतला आणि चारशेहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक लेकरं आणि त्यांच्या आया. डबवालीचं नाव मी मुद्दाम घेतलं. उघड्यावर मांडव टाकला की धोका संपला, असं आपण धरून चालतो. भोवती कनाती, वर कृत्रिम धाग्याचं कापड आणि बाहेर पडायला अपुरी वाट असेल तर तो मांडवही बंद खोलीच होतो.

तुम्हाला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. दिरांशी बोलताना तुमच्याकडे ‘पोरगी ऐकत नाही’ यापेक्षा वजनदार काही असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

आता व्यवस्थापकांचं ‘लोक येतात, जेवतात, जातात’. हे वाक्य मीही खूप वर्षं खरं मानलं. दिवसभराचा हिशेब धरला तर ते खरंही आहे. पण आपल्या लग्नातली एक वेळ अशी असते की कोणीच जात नाही. अक्षता पडायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. त्या वेळी जेवायचे राहिलेले असतात, जेवलेले असतात, वऱ्हाड असतं, सगळे हॉलमध्ये असतात. शिवाय आपला खानदेशातला उन्हाळा. नाशिक-पुण्याकडे लोक लग्नात बाहेर झाडाखाली गप्पा मारत उभे राहतील. आखाजीनंतर चोपड्याकडे दुपारी साडेबाराला पारा ४२-४३ वर असताना बाहेर कोण थांबणार? प्रत्येक माणूस कूलरच्या झोतात घुसतो. मर्यादा जिथे सगळ्यात जास्त लागू आहे, नेमकी तिथेच गर्दी होते, आणि तीही वायरींच्या जाळ्यात उभी राहते.

पंगतीचं गणितही करून पाहू. भोजनगृह १५० चं आहे. वरण-बट्टीची पंगत ही बुफेची गोष्ट नाही. बट्टी कुस्करायची, त्यावर वरण, वर तुपाची धार, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी, “अजून घ्या, लाजू नका” म्हणत वाढपी दोनदा फिरणार. एक पंगत उठून टेबलं पुसून दुसरी बसेपर्यंत पाऊण तास धरा. तुमच्या पाचशे पत्रिकांवर नऊशे लोक आले असं धरा, म्हणजे सहा पंगती, साडेचार तास. लग्न लागल्यावर एक वाजता पहिली पंगत बसली तर शेवटची साडेपाचला उठेल. पहिली पंगत जेवत असेल तेव्हा उरलेले सातशे-आठशे कुठे असतील? साडेतीनशेच्या हॉलमध्ये.

‘कोणी मोजायला येत नाही’ हेही खरंच असेल. तालुक्याच्या गावी लग्नात माणसं मोजत कोणी अधिकारी फिरताना मीही पाहिलेला नाही. पण त्यावरून मोजायची गरज नाही असं ठरत नाही. मोजायचं काम तुमच्यावर आलंय, एवढाच त्याचा अर्थ. पावतीच्या मागची ओळ पुन्हा वाचा. त्या ओळीमुळे विश्वस्तांची जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधाचा कायदा आहे, त्यानुसार अशा इमारतीच्या मालकाने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घेऊन द्यायचा असतो. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. तो पाहायला मागा. मागताना संकोच करू नका. समाजाचं कार्यालय आहे, विश्वस्त ओळखीचे आहेत, म्हणून विचारायला अवघड जातं हे मला कळतं. “दादा, पोरीचं लग्न आहे, माझ्या मनाच्या समाधानासाठी दाखवा,” असं म्हणा. चांगला विश्वस्त रागावणार नाही. मात्र त्या छापील ओळीनंतर ‘आम्हाला कुठे माहीत होतं’ असं म्हणायची सोय तुम्हालाही उरलेली नाही.

आता तुमची यादी. तुम्ही पत्रिका मोजल्या आहेत, माणसं मोजलेली नाहीत. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. पत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापलेलं असतं, गावात आपण चूलबंद आवतन देतो, म्हणजे त्या दिवशी घरची चूल बंद, अख्ख्या घराने जेवायला यायचं. एक पत्रिका म्हणजे कुठे एक माणूस, कुठे सात. पाचशे पत्रिकांचे नऊशे धरले तरी मी कमीच धरलेत. आणि जे कोणाच्याच यादीत नसतात त्यांचं काय? वाढपी, बँडवाले, फोटो-व्हिडिओवाले, मेकअपवाली आणि तिच्या दोन मुली, गुरुजी, साऊंडवाला पोऱ्या. हे चाळीस-पंचेचाळीस होतातच. त्यांनाही त्याच गेटमधून बाहेर पडायचं असतं. ३५० मधून वऱ्हाडाचे १५० गेले, हे ४५ गेले, राहिले १५५. अक्षतांच्या वेळी तुमच्या बाजूची १५५ माणसं हॉलमध्ये मावतात. आकडा वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. मलाही लिहिताना बरं वाटलं नाही. पण नऊशेवरून भांडण्यापेक्षा १५५ वर बसून विचार केलेला चांगला.

इथे पुन्हा त्या लाल वहीकडे येते. वहीत तुमच्या यजमानांनी काय लिहिलंय ते तुम्हीच पत्रात उतरवलंय : अमक्याच्या घरी हळदीला, तमक्याच्या मांडवाला, कोणाच्या बारशाला, कोणाच्या दशक्रियेला. म्हणजे ते सगळ्यांच्या अक्षतांना हजर नव्हते. माणसाच्या घरच्या कोणत्यातरी कार्यात त्याच्या दारी जायचं, हा त्यांचा रिवाज होता. मग तुम्हीही तो तसाच परत करू शकता. सगळे नऊशे एका दिवशी, एका तासात, एका छपराखाली आले पाहिजेत, हे त्या वहीत कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं : गावाचं जेवण गावातच घाला, मांडवाच्या दिवशी, संध्याकाळी. शाळेपुढच्या पटांगणात किंवा गल्लीत, ऊन उतरल्यावर. तीच वरण-बट्टी, तीच वांग्याची भाजी, केळीच्या पानावर. सगळ्या गावाला चूलबंद. म्हाताऱ्या-कोताऱ्या माणसांना ४३ डिग्रीत आयशर गाडीत उभं राहून तालुक्याला न्यायचं, तिथे दोन तास ताटकळत ठेवायचं, आणि शेवटच्या पंगतीला गार बट्टी वाढायची, यात त्यांचा मान कसला? त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर “जेवाले चला” म्हणत तुमच्या दिरांनी स्वतः हाताला धरून बसवलं, तर ते जेवण त्यांच्या जास्त लक्षात राहील. नवरी मुलगी हळदीच्या अंगाने समोर बसलेली असेल, मायमाउल्यांना तिला डोळे भरून पाहता येईल. कार्यालयात ती स्टेजवर आणि या मागच्या रांगेत, हे काही भेटणं नव्हे. खर्चही वाढत नाही, जेवणारे तेवढेच, फक्त दोन दिवसांत विभागलेले.

मग लग्नाला भावकीतल्या चाळीस घरांतून घरटी दोघं, म्हणजे ८०. तुमच्या माहेरचे ४०. मुलीच्या मैत्रिणी आणि ऑफिसचे २०. यजमानांचे सोसायटीतले सोबती १५. झाले १५५. माझे आकडे तुमच्या घराला तंतोतंत बसणार नाहीत, पण ‘घरटी दोघं’ हा शब्द गावात सगळ्यांना कळतो आणि त्याचा राग कोणी धरत नाही. राग येतो तो शेजारच्या घराला चार आणि आपल्याला दोन, असं झालं की. म्हणून एकदा ठरवलेलं सगळ्यांना सारखं ठेवा, दिरांच्या साडूपासून सरपंचापर्यंत.

वाटलेल्या दीडशे पत्रिकांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तो काटा मनात असणार. त्या परत मागू नका. त्या घरी दीर आणि तुम्ही दोघं जा. फोन करू नका, व्हॉट्सॲपवर मेसेज तर मुळीच टाकू नका. उंबऱ्यात बसून सांगा की कार्यालय लहान आहे, ऊन फार आहे, तर मांडवाला सगळे या आणि लग्नाला घरातून दोघं या. उरलेल्या साडेतीनशे पत्रिका देताना वरच्या कोपऱ्यात मांडवाच्या जेवणाची वेळ पेनाने लिहा. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती, आठवतं ना? त्या वेळी लागलेल्या लग्नांवरून कोणी कोणाशी सोयरीक तोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कारण स्वच्छ सांगितलं होतं आणि सगळ्यांना पटलं होतं. इथेही कारण स्वच्छच आहे.

दुसरी वाटही आहे, आणि व्याही राजी झाले तर मला ती जास्त आवडेल. गुरुजींना गोरज मुहूर्त निघतो का ते विचारा. संध्याकाळी कार्यालयापुढच्या आवारात अक्षता पडल्या तर हॉलवरचा सगळा भार उतरतो. हॉल दिवसभराच्या विधींना, वऱ्हाडाच्या विसाव्याला आणि जेवणाला राहतो. पण आवाराला चारी बाजूंनी भिंत आणि एकच फाटक असेल तर तिथेही दाराचाच प्रश्न येतो. कनाती तीन बाजूंनी बांधू नका, किमान दोन बाजू मोकळ्या ठेवा, आणि फाटकातून मोटारसायकली आत येऊ देऊ नका. रात्री दहाला वाजंत्री बंद करावी लागेल, तेही व्याह्यांना आधीच सांगा.

मुहूर्त दुपारचाच राहिला तर पंगती साडेदहाला सुरू करा. दिरांना हे रुचणार नाही, अक्षता टाकल्याशिवाय जेवायचं कसं, असं ते म्हणतील. आता बऱ्याच ठिकाणी लग्नाआधी पंगती बसतात आणि कोणाला वावगं वाटत नाही. साडेदहा ते साडेबारात दोन-अडीच पंगती उठतात, म्हणजे लग्नाला आलेल्यांचं बहुतेक जेवण आटोपतं. अक्षता पडल्या की माणूस आशीर्वाद देऊन निघायला मोकळा. व्याह्यांशी मात्र वेळेचं बोलणं आताच, पक्कं करा. वरात चौकात दीड तास नाचत राहिली आणि नंतर माइकवरून पुढाऱ्यांचे सत्कार सुरू झाले की १२:३५ चं लग्न दोनला लागतं, आणि मग वरचं सगळं गणित कोसळतं. सत्कार करायचेच असतील तर जेवणाच्या वेळी, एकेका नारळावर आटपा.

मोठ्या लॉन्ससाठी कर्ज काढू नका. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, विनवणी म्हणून लिहिते. एकट्या बाईने दोन-तीन वर्षं हप्ते फेडायचे, आणि तेही माणसं एकदम जमवण्यासाठी, याची काही गरज नाही.

राहिली तुमची लेक. ‘तिला गावची माणसं नकोशी झाली’ असं तुम्हाला वाटतं. तुमच्याच पत्रात आहे की तिने हॉल मोजला, पश्चिमेचं दार तिनेच ढकलून पाहिलं आणि “आजी इथून कशी बाहेर येईल?” असं विचारलं. नकोशा झालेल्या माणसांची वाट कोणी अशी शोधत नाही. ती जे बोलली ते तुम्हाला आकड्यात ऐकू आलं, ३५० म्हणजे ३५०. तरुण पोरं काळजीही अशी हिशेबात बोलतात. आज रात्री तिला फोन करा आणि आकडा विचारू नका. विचारा, लग्नाच्या वेळी तुला समोर कोण कोण दिसायला हवं? ती नावं सांगेल. कदाचित त्यात अशी दोन-चार गावची म्हातारी माणसं निघतील की जी तुमच्याही यादीत नाहीत. आणि वडिलांचा विषय निघाला तर निघू द्या. ती यादी तुम्ही एकटीने वही घेऊन केलीत, वडील तिचेही गेलेत.

दिरांना विरोधक समजू नका. त्यांना भावाचा मान राखायचाय, तुम्हालाही तोच राखायचाय. त्यांना मांडवाच्या जेवणाचे यजमान करा, सगळं त्यांच्या हाती सोपवा. आणि लग्नाच्या दिवशी एक काम फक्त त्यांनाच सांगा : अक्षतांच्या वेळी त्यांनी स्टेजवर न थांबता पश्चिमेच्या दाराशी थांबायचं, दार उघडं ठेवायचं, त्यापुढे खुर्ची की चप्पल काही पडू द्यायचं नाही. मोठ्या माणसाला दाराशी उभं करणं हा कमीपणा वाटेल, पण कारण सांगितलं तर ते उभे राहतील. तुमच्या पत्रावरून तरी ते तशा मनाचे वाटतात. पुढच्या गेटशी दोन समजूतदार भाचे ठेवा. हॉल भरला की येणाऱ्यांना ते आधी भोजनगृहाकडे किंवा सावलीतल्या खुर्च्यांकडे नेतील, तिथे माठातलं पाणी आणि ताक ठेवा. “आत जागा नाही” असं कोणाला तोंडावर म्हणायची वेळच येत नाही.

आदल्या दिवशी सकाळीच लेकीला घेऊन कार्यालयात एक फेरी मारा. गाद्या दुसऱ्या खोलीत हलवून घ्या. आहेराचं टेबल कोणत्याही दारापुढे नको. एका बोर्डावर तीन-तीन कूलर लावलेले असतील तर इलेक्ट्रिशियनला समोर बोलवून वेगळ्या लायनी काढून घ्या, जमिनीवरून जाणाऱ्या वायरी भिंतीला बांधायला लावा. आचाऱ्याच्या भट्ट्या आणि सिलिंडर हॉलच्या भिंतीपासून लांब, उघड्यावर. जनरेटर मांडवाच्या कापडाला लागून नको. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावरची तारीख वाचा, काटा हिरव्यात आहे का ते पाहा, आणि दोघा जणांना ते चालवता येतं का ते विचारा. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी माइकवाल्याला एक वाक्य बोलायला सांगा की बाहेर पडायच्या वाटा दोन आहेत, एक पुढे, एक पश्चिमेला. अर्धं मिनिट लागतं.

आणि हे सगळं आखाजीपर्यंत लांबवू नका. पश्चिमेच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, एवढं उद्या सकाळी व्यवस्थापकांना फोन करून विचारा.